पाच सेंटीमीटर बर्फ आणि ठप्प झालेलं ब्रिटन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन दोन वर्षं झाली. परवा रात्री जेमतेम पाच सेंटीमीटर बर्फ पडला. सकाळी सहा वाजता मुलीच्या शाळेचा ‘आज बंद’ असा मेसेज आला, ट्रेन रद्द झाली, कचऱ्याची गाडी फिरकली नाही आणि सुपरमार्केटात ब्रेड संपला. टोरांटोतले तुमचे दीर फोनवर पोट धरून हसले. हा देश बर्फाचा एवढा बाऊ का करतो? की खरंच अवघड असतं काही? आणि उद्या गाडी काढू का?

बाऊ होतो, पण तुम्ही म्हणता तिथे होत नाही. शाळा आणि ट्रेन बंद होण्यामागे बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. बाऊ कुठे होतो तेही सांगतो, पण आधी हिशेब.

मी मूळचा कऱ्हाडचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. रस्त्याचा शत्रू एकच, तो म्हणजे पाणी, एवढं शिकून २००१ साली इंग्लंडला आलो. एका काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, रस्ते विभागात बावीस हिवाळे काढले. त्यातले बरेचसे ‘विंटर सर्व्हिस’चा ड्यूटी मॅनेजर म्हणून, म्हणजे आज रात्री रस्त्यांवर मीठ टाकायचं की नाही हे ठरवणारा माणूस. तोच जुना शत्रू होता, फक्त वेश बदललेला.

त्या कामात रोज काय होतं ते आधी ऐका, कारण बर्फ पडल्यावर गाड्या निघतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. ऑक्टोबर ते एप्रिल रोज दुपारच्या सुमाराला हवामानाचा खास अंदाज येतो. त्यात आम्ही हवेचं तापमान बघत नाही, रस्त्याच्या पृष्ठभागाचं बघतो. डांबरात सेन्सर पुरलेले असतात, शेजारी खांबावर छोटं हवामान केंद्र असतं. आकाश निरभ्र असेल तर हवा तीन अंशांवर असतानाही रस्ता शून्याखाली जातो. दोन वाजेपर्यंत निर्णय घ्यायचा, चालकांना कळवायचं आणि रस्ता गोठायच्या आत मीठ पडलेलं पाहिजे. गोठल्यावर टाकलेलं मीठ कामाचं असतं, पण कितीतरी पट जास्त लागतं.

हे मीठ म्हणजे खाणीतलं तपकिरी, मातकट रॉक सॉल्ट. मुख्यतः चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. ती १८४४ मध्ये सुरू झाली. याशिवाय यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची बोल्बी आणि उत्तर आयर्लंडमधली किलरूट. सगळ्या देशाचा हिवाळा या मोजक्या बिळांवर चालतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता साधं गणित. आठ मीटर रुंद रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे ८,००० चौरस मीटर. नुसतं दव गोठणार असेल तर चौरस मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं, म्हणजे किलोमीटरला ८० किलो. बर्फाचा अंदाज असेल तर दोन फेऱ्यांत मिळून चाळीस ग्रॅमपर्यंत जातो : ३२० किलो. बरंच वाटतं ना? पण पाच सेंटीमीटर ताजा बर्फ वितळला की ढोबळमानाने पाच मिलिमीटर पाणी होतं, आणि त्या एका किलोमीटरवर ते होतं चाळीस टन. चाळीस टन पाण्यात ३२० किलो मीठ म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो तो जेमतेम अर्धा अंश. बाहेर उणे दोन असेल तर त्या मिठाने बर्फ वितळत नाही. मग टाकतात कशाला? तर बर्फ डांबराला घट्ट चिकटू नये, मधे पातळ ओला थर राहावा, आणि वरून प्लाउचं, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाडीचं, पातं फिरलं की बर्फ पोळीसारखा सुटून यावा म्हणून. शिवाय मीठ पडलं की काम झालं असंही नाही, टायरांनी ते घोटावं लागतं. २०२१ च्या जानेवारीत लॉकडाउनमुळे रस्ते रिकामे होते, तेव्हा आमचे चालक कुरकुरत होते की मीठ आहे, पण मळायला गाड्याच नाहीत.

तुमच्या दिरांचा मुद्दा आता घेऊ. टोरांटोत याच्या कितीतरी पट बर्फ पडतो आणि लोक ऑफिसला जातात, हे खरंच आहे. पण बर्फाचा निसरडेपणा त्याच्या जाडीवर नसतो, तापमानावर असतो. उणे पंधराला बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकरतो, टायर त्यात पकड घेतो. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि घर्षण सगळ्यात कमी तिथेच. विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आठवा. दक्षिण इंग्लंडचा बर्फ बहुतेक वेळा याच जातीचा. दुपारी एक अंश, संध्याकाळी शून्य, रात्री उणे दोन. दिवसा वितळतो, गाड्यांखाली दाबला जातो, रात्री त्याची काच होते. उणे वीसमध्ये बिनधास्त गाडी चालवणारा कॅनडातला माणूस आमच्या काउंटीत एकदा उतारावर गोलगोल फिरून कुंपणात गेलेला मी स्वतः बाहेर काढलाय. बिचारा सारखं एकच म्हणत होता, ‘मला बर्फात चालवता येतं.’ येत असेलही! पण त्याच्या घरच्या गाडीला विंटर टायर होते, या भाड्याच्या गाडीला नव्हते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर असे टायर कायद्याने लागतात. जर्मनीतही बर्फ असेल तर लागतात. ब्रिटनमध्ये सक्ती नाही, आणि मी सक्ती सुचवणारही नाही. वर्षातून दोन दिवसांसाठी तीन कोटींहून जास्त गाड्यांनी टायर बदलायचे आणि जुने ठेवायला गॅरेज शोधायचं, यात कोणाचं भलं आहे?

अंदाजाची अडचण याच शून्यामुळे. उणे दहाला जे पडेल ते बर्फच असणार. शून्यापाशी अर्ध्या अंशाचा फरक पडला की पाऊस पडणार की बर्फ, हे बदलतं. मुंबईत दोनशे मिलिमीटरचा अंदाज चुकून दीडशे पडला तर रस्त्यावर साधारण तेच चित्र दिसतं. इथे अंदाज अर्ध्या अंशाने चुकला तर एक तर काहीच नाही, नाही तर सगळं ठप्प. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी पाऊस आणि मागून बर्फ. पाऊस दुपारी पडलेलं सगळं मीठ गटारात घेऊन जातो, मग पाच वाजता बर्फ सुरू होतो, तेव्हा ऑफिसं सुटलेली असतात आणि आमचे ग्रिटर, म्हणजे मीठ टाकणाऱ्या गाड्या, त्याच गर्दीत अडकून पडतात. मीठ आहे, गाडी आहे, चालक आहे आणि तिघंही एका चौकात उभे.

आता ‘मग जास्त गाड्या घ्या, जास्त प्लाउ घ्या’ हा सल्ला. एक ग्रिटर एक लाख पौंडांच्या वर जातो आणि चालक रात्री-अपरात्री हजर ठेवायचा खर्च वेगळा. काही हिवाळ्यांत ही गाडी बर्फासाठी एकदाही निघत नाही, नुसतं दवासाठी फिरते. म्हणून कौन्सिलं सगळे रस्ते घेत नाहीत. आमच्याकडे साधारण एक तृतीयांश रस्त्यांवर मीठ पडायचं : बसचे मार्ग, हॉस्पिटलं, फायर स्टेशनं, मुख्य रस्ते. बाकीच्यांसाठी चढावर मिठाच्या पिवळ्या पेट्या ठेवायच्या आणि शेतकऱ्यांशी करार करायचा, म्हणजे जोरात बर्फ पडला की तो आपल्या ट्रॅक्टरला पातं लावून गावचा रस्ता मोकळा करतो. ही शेतकऱ्यांची व्यवस्था मला फार आवडायची. कोणतीही मीटिंग नाही, फोन केला की माणूस निघाला.

आणि प्लाउ विकत घेतला तरी तो चालवायचा कुठे? तुमची गल्ली बघा. दोन्ही बाजूंना लागून घरं, दोन्ही बाजूंना गाड्या पार्क केलेल्या, मधे एकच गाडी जाईल एवढी जागा, वर स्पीडब्रेकर. माँट्रियलमध्ये बर्फ उचलायच्या आधी भोंगा वाजतो आणि रस्त्यावर राहिलेली गाडी सरळ ओढून नेतात. रेडिंगमध्ये हे करून बघा, कौन्सिल दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल. त्यात इथल्या रस्त्यांच्या मधोमध ‘कॅट्स आय’ बसवलेले असतात, रात्री चमकणारे ते काचेचे डोळे, १९३४ मध्ये हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी शोधलेले. लोखंडी पातं रस्त्याला टेकवून फिरवलं तर ते उखडू शकतात. म्हणून पातं थोडं वर धरायचं किंवा रबराचं वापरायचं, म्हणजे खालचा शेवटचा थर राहतोच. वर्षातले ३६० दिवस धुक्यात आणि पावसात जीव वाचवणारी वस्तू पाच दिवस आड येते. रस्ता असाच बांधलाय, आणि मला तो बरोबर बांधलेला वाटतो.

यावर सरकारने विचार केला नाही असंही नाही. २००९ च्या २ फेब्रुवारीला लंडनमध्ये अठरा वर्षांतला सगळ्यात मोठा बर्फ पडला आणि शहरातल्या सगळ्या बस बंद ठेवल्या. खूप ओरड झाली. मला विचाराल तर चालकाने मधल्या चढावर प्रवाशांसकट अडकण्यापेक्षा रात्रीच बस डेपोत आणणं शहाणपणाचं होतं. खरा धडा वेगळाच मिळाला : आधीची अनेक वर्षं हिवाळे उबदार गेल्यामुळे मिठाचे ढीग लहान झाले होते आणि बघताबघता संपत आले. सल्ला आला की जोराच्या सहा दिवसांपुरतं, म्हणजे २४ फेऱ्यांचं मीठ ठेवा. पुढचाच हिवाळा त्याआधीच्या तीस वर्षांतला सगळ्यात थंड निघाला. जानेवारी २०१० मध्ये सगळी कौन्सिलं एकाच वेळी त्या दोन-तीन खाणींच्या दारात. केंद्र सरकारने ‘सॉल्ट सेल’ बसवला, कोणाला किती मीठ ते लंडनहून ठरायला लागलं आणि वापर २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. ते दिवस मी विसरणार नाही. नकाशावर लाल पेन घेऊन बसायचं आणि कोणतं गाव सोडायचं ते ठरवायचं. एका चढावरच्या वस्तीतल्या आजी रोज सकाळी फोन करायच्या, भांडायला नाही, नुसतं विचारायला : ‘आज आमचा नंबर आहे का?’

मग डेव्हिड क्वार्मबी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा झाला. त्यांनी ‘स्वीडन बना’ असं सांगितलं नाही. बारा दिवस आणि ४८ फेऱ्यांचं मीठ ठेवा, देशाचा राखीव साठा करा, मीठ जपून पण नेमकं टाका आणि लोकांना वेळेवर सांगा, असा त्यांचा भर होता. म्हणजे दुर्मीळ संकटासाठी साठवून ठेवता येईल अशा, न कुजणाऱ्या वस्तूवर पैसा घाला. रोज पगार मागणाऱ्या यंत्रणेवर नको. माझ्या मते या देशाने बर्फाबाबत घेतलेला हा सगळ्यात समंजस निर्णय. २०१८ मध्ये ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडून बर्फ घेऊन आलेली थंडीची लाट, आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी बाकी काहीही कमी पडलं असेल, मिठासाठी २०१० सारखी पळापळ झाली नाही.

आता शाळा. लोक म्हणतात, १९६३ मध्ये आम्ही गुडघाभर बर्फातून शाळेत जायचो. जात असतीलही. तेव्हा मुलं चालत जायची आणि मास्तर त्याच गावात राहायचे. आज शिक्षक वीस-पंचवीस मैलांवरून गाडीने येतात, कारण शाळेजवळचं घर त्यांना परवडत नाही. शाळेत मुलं किती याला अर्थ नाही; मोठी माणसं पुरेशी नसतील तर शाळा सुरक्षितपणे चालवता येत नाही. निर्णय बहुतेक वेळा मुख्याध्यापकांचा, तोही पहाटे सहाला, पडदा सरकवून बाहेर बघत घेतलेला. गावाकडच्या शाळांची गणितं बसवर. बसवाला नाही म्हणाला की निम्मी शाळा गेली. आणि १९६३ च्या आठवणीत एक गोष्ट कोणी सांगत नाही : त्या हिवाळ्यात फुटबॉलच्या एफए कपची तिसरी फेरी पूर्ण व्हायला ६६ दिवस लागले. देश तेव्हाही थांबला होता. १९४७ ला तर कोळसा पोचेना म्हणून कारखान्यांची वीज तोडावी लागली होती. आजी-आजोबांच्या आठवणीतला बर्फ नेहमीच जास्त खोल आणि माणसं जास्त कणखर असतात.

रेल्वेबद्दल थोडक्यात. लंडनच्या दक्षिणेला गाड्यांना वीज मिळते ती रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट, उघड्यावर. त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की संपर्क तुटतो आणि गाडी बसते. वरच्या तारांना हा त्रास कमी. ही निवड शंभर वर्षांपूर्वीची आहे, बदलायला अब्जावधी लागतील. १९९१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश रेल्वेचे अधिकारी टेरी वॉरल रेडिओवर म्हणाले की या विशिष्ट प्रकारच्या बर्फाने अडचण होतेय. पेपरांनी त्याचं ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ केलं आणि नाचता येईना अंगण वाकडं, तशी ती इंग्रजीतली म्हण होऊन बसली. गंमत म्हणजे माणूस बरोबर होता. तो बर्फ पिठासारखा भुरभुरीत होता, इंजिनच्या हवेच्या झरोक्यांतून आत गेला आणि विजेच्या मोटरी जळाल्या. २००९ च्या डिसेंबरात इंग्लंड-फ्रान्सला जोडणाऱ्या चॅनेल टनेलमध्ये पाच युरोस्टार गाड्या दोन हजारांहून जास्त प्रवाशांसह बंद पडल्या त्याचं कारणही जवळपास हेच : बाहेरून भरलेला बारीक बर्फ बोगद्याच्या उबेत वितळला.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं मात्र मी समर्थन करणार नाही. १८ डिसेंबर २०१० ला तिथे तासाभरात काही सेंटीमीटर बर्फ पडला, विमानतळ बंद झाला आणि पुढचे काही दिवस हजारो उड्डाणं रद्द. धावपट्टी मोकळी करता येत होती. पण उभ्या विमानांच्या आजूबाजूचा बर्फ गोठून दगड झाला होता आणि तो काढायला यंत्रं नव्हती. दोनच धावपट्ट्या, त्याही जवळपास पूर्ण क्षमतेने वापरलेल्या, म्हणजे एक तास गेला की तो भरून काढायला जागाच नाही. गावच्या गल्लीसाठी मी ‘परवडत नाही’ म्हणेन, एवढ्या नफ्यातल्या विमानतळासाठी नाही म्हणणार. नंतर त्यांनी यंत्रं घेतली. बैल गेला नि झोपा केला.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. बावीस वर्षांत मी जी माणसं संकटात सापडलेली पाहिली, ती देशाने लवकर थांबवल्यामुळे सापडली नव्हती, उशिरा थांबवल्यामुळे सापडली होती.

मी नवखा असताना, ३० जानेवारी २००३ ला एम ११ मोटरवेवर संध्याकाळच्या गर्दीत बर्फ पडला, रस्ता गोठला आणि लोक गाड्यांमध्ये वीस-वीस तास अडकले. त्या आधी, २००० साली, हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका खटल्यात ठरवलं होतं की रस्ता बर्फमुक्त ठेवणं हे रस्ते खात्याच्या देखभालीच्या कायदेशीर जबाबदारीत येतच नाही. २००३ मध्ये कायदा बदलला आणि १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये एक ओळ आली : बर्फामुळे रस्त्यावरचा प्रवास धोक्यात येऊ नये म्हणून ‘जितकं वाजवीपणे शक्य आहे तितकं’ करा. माझी सगळी नोकरी त्या ‘वाजवीपणे’ या एका शब्दात गेली.

अमेरिकेतल्या अटलांटाचं उदाहरण मी नव्या लोकांना प्रशिक्षणात सांगायचो. २८ जानेवारी २०१४. बर्फ पडला सहा-सात सेंटीमीटर. सकाळी सगळं चालू ठेवलं, कारण बाऊ नको. दुपारी बर्फ सुरू झाल्यावर शाळा, सरकारी कचेऱ्या, खासगी ऑफिसं सगळ्यांनी एकदमच सुटी दिली. लाखो गाड्या एकाच तासात रस्त्यावर, मीठ टाकणारे ट्रक त्यांच्या मागे. हजारो मुलं रात्रभर शाळेत झोपली, काही तर स्कूलबसमध्ये. दोनच आठवड्यांनी पुन्हा वादळ आलं, त्या वेळी लोक आधीच घरी बसले, रस्ते ओस पडले आणि तसा गोंधळ झाला नाही. शहर तेच होतं, ट्रकही जवळपास तेवढेच. बदललं ते फक्त वेळेचं भान.

हे मला कोणी अमेरिकेतून शिकवायची गरज नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी इथे होतो. माझा धाकटा भाऊ अंधेरीहून डोंबिवलीला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, बूट हातात घेऊन. त्याला घरी जाता आलं नाही याचं कारण नुसता पाऊस नव्हता. सगळे एकाच वेळी घरी निघाले होते. आता मुंबईत रेड अलर्ट आला की आदल्या रात्री शाळा बंद जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की लोक हसतात. हसू द्या.

२०१८ च्या २८ फेब्रुवारीला स्कॉटलंडच्या मध्य पट्ट्यासाठी बर्फाची रेड वॉर्निंग दिली होती. घराबाहेर पडू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. तरी शेकडो गाड्या ग्लासगो आणि स्टर्लिंगच्या मधे एम ८० वर रात्रभर अडकल्या. आणि मरीचं तर तुम्हाला आठवत असेल, पाकिस्तानातलं ते थंड हवेचं ठिकाण : जानेवारी २०२२, बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग, गाडलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली.

माझीही एक चूक आहे. एका फेब्रुवारीत अंदाज ‘पाऊस, बर्फाची किंचित शक्यता’ असा होता. त्या आधीच्या आठवड्यात मी दोनदा गाड्या काढल्या होत्या आणि दोन्ही वेळा काहीच पडलं नव्हतं. स्थानिक पेपरात ‘कोरड्या रस्त्यावर करदात्यांचं मीठ’ म्हणून फोटोही आला होता. त्या रात्री मी दुसरी फेरी काढली नाही. मनात हवामान नव्हतं, तो फोटो होता. पहाटे चारला पावसाचा बर्फ झाला आणि साडेसहाला एका वळणावर दुधाचा टँकर आडवा झाला. चालकाला खरचटण्यावर निभावलं. त्यानंतर मात्र कोणी हसेल म्हणून मी कधी गाडी थांबवली नाही. टाळलेला अपघात कोणाला दिसत नाही, मीठ मात्र सगळ्यांना दिसतं.

तर मग बाऊ कुठे होतो? एक, पेपरात. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला ‘महाभयंकर हिमवादळ येतंय’ अशी बातमी, नकाशा जांभळा रंगवलेला. त्यातलं काही येत नाही आणि खरी वॉर्निंग आली की लोकांना तीही तसलीच वाटते. हवामान खात्याच्या यलो वॉर्निंगचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच असतो, ‘ब्रेड घ्यायला पळा’ असा नाही. दोन, ब्रेड आणि दूध. दोन दिवसांच्या बर्फात कोणी उपाशी राहत नाही. तुमच्या घरात तांदूळ, डाळ, पीठ असेलच. आपल्याला हा प्रश्न इंग्रजांपेक्षा कमी पडावा. तीन, काही संस्था आता आदल्या दुपारीच बंद जाहीर करतात, नुसत्या यलोवर, कारण कोणी घसरलं तर दावा होईल ही भीती. हे मला पटत नाही.

आणि एका ठिकाणी उलट आहे, तिथे हा देश गरजेपेक्षा फारच कमी करतो : फुटपाथ. गाड्यांसाठी ग्रिटर फिरतात, चालणाऱ्यांसाठी जवळपास काही नाही. चौथ्या दिवशी पेपरातून बर्फ निघून जातो, पण गल्लीतला तो तुडवलेला, गोठलेला थर तसाच असतो आणि ऑर्थोपेडिक वॉर्डात मनगटं आणि खुबे येत राहतात. जर्मनीत घरासमोरचा फुटपाथ साफ करणं ही सहसा घरमालकाचीच जबाबदारी असते. इथे उलट समज पसरलाय की आपण साफ केला आणि कोणी पडलं तर आपल्यावरच खटला होईल. सरकारने २०१० मध्ये ‘स्नो कोड’ काढून सांगितलं की तसं होण्याची शक्यता फारच कमी आहे, तुम्ही साफ करा. तरी अजून लोक पडद्याआडून बघत बसतात. तुमच्या शेजारी कोणी वयस्कर असेल तर त्यांच्या दारापर्यंतचा बर्फ सकाळीच काढा, दाबला जायच्या आत. वर मूठभर साधं मीठ चालेल. गरम पाणी नको, तासाभरात त्याचीच काच होते.

एक काळजी मात्र आहे. मोठे बर्फ आता आणखी विरळ होत चाललेत. २०१० मध्ये प्लाउ चालवलेले आमचे निम्मे चालक २०१८ पर्यंत निवृत्त झाले होते. मीठ साठवता येतं, हात साठवता येत नाहीत. काही कौन्सिलांनी लोकांना ग्रिटरची नावं सुचवायला सांगितलं आहे. डॉनकास्टरमध्ये २०१७ ला एकाचं नाव ‘डेव्हिड प्लाउई’ ठेवलं, गायक डेव्हिड बोवीच्या नावात ‘प्लाउ’ घुसवून. मला आधी पोरकट वाटलं होतं. मग लक्षात आलं, निदान त्या गावच्या लोकांना गाडी कुठली, फिरते कधी, हे तरी माहीत होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की उद्या गाडी काढू का. तुमची गल्ली त्या एक तृतीयांशात आहे का ते कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या नकाशात बघा. नसेल, आणि जाणं अगदी गरजेचं नसेल, तर दहा वाजेपर्यंत थांबा, ऊन आणि वर्दळ तुमचं काम करतील. निघालातच तर दुसऱ्या गिअरमध्ये हळू सुटा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दहापट अंतर ठेवा, उतारावर ब्रेक दाबून धरू नका. डिकीत फावडं, ब्लँकेट, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर टाका. अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि मगच हीटरसाठी इंजिन चालू करा. मरीत माणसं नुसत्या थंडीने गेली नव्हती, काही गाडीत कोंडलेल्या धुरानेही गेली असं म्हणतात. आणि काचेवर उकळतं पाणी ओतू नका. माझ्या एका सहकाऱ्याने दर हिवाळ्यात हे लोकांना सांगितलं आणि २०१० मध्ये स्वतःचीच काच तडकवली.